शिकारीची नोंद कोणाच्या नावे? : वत्सगुल्म आणि अजिंठ्याची भित्तिचित्रे

आजचे वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म होय. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळा होऊन वाशीम जिल्हा अस्तित्वात आला. परंतु राजधानीचे नगर म्हणून या स्थळाची कीर्ती दीड हजार वर्षांहून अधिक जुनी आहे. वाकाटक घराण्याच्या ज्या शाखेने येथून राज्य केले, त्या शाखेचा पहिला ठोस पुरावा इ.स. १९३९ मध्ये वाशीम येथेच मिळालेल्या ताम्रपटाने दिला. दुसऱ्या विंध्यशक्तीने आपल्या ३७ व्या राज्यवर्षी दिलेले हे दानपत्र आहे. दान ब्राह्मणांना, दानाची वस्तू म्हणजे एक गाव, आणि भाषा काही भाग संस्कृत तर काही भाग प्राकृत. वाशीमजवळच्या हिस्से-बोराळा येथील शिलालेख शके ३८० चा, म्हणजे इ.स. ४५८ चा आहे. देवसेन राजाच्या काळातील हा लेख 'सुदर्शन' नावाच्या तलावाची नोंद करतो. सर्वसेन हा या शाखेचा संस्थापक स्वतः प्राकृत कवी होता.

दान, तलाव आणि काव्य एवढ्या गोष्टी वत्सगुल्माच्या राजांनी आपल्या नावे नोंदवून ठेवल्या. त्या काळच्या राजेलोकांचा एक आवडता पराक्रम मात्र या नोंदींत दिसत नाही, तो म्हणजे शिकार. धनुष्य घेऊन रानात जावे, वाघ-सिंह पाडावा आणि ती वार्ता चिरंतन करावी, ही राजांची जगभरची रीत होती. वत्सगुल्माच्या राज्यात शिकारीचे स्मारक आहे. पण ते ताम्रपटावर नाही, नाण्यावरही नाही. ते अजिंठ्याच्या भिंतींवर आहे, आणि तेथे ज्याच्या नावाने ते उभे आहे तो बाण सोडणारा नव्हे. हा बदल कसा घडला, याचा शोध घेण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम शिकारीच्या नोंदीची सर्वसाधारण रीत पाहू. माणसाने शिकारीची आठवण जपण्याचे सर्वांत जुने साधन म्हणजे खडकावरील चित्र. विष्णू श्रीधर वाकणकर यांनी १९५७ मध्ये उजेडात आणलेल्या भीमबेटका येथील शैलाश्रयांत धनुर्धारी माणसांच्या आकृती आहेत. धावणारी जनावरे आणि त्यांच्यामागे ताणलेली धनुष्ये असा तो पट आहे. त्या चित्रांत कोणाचे नाव नाही. शिकार टोळीची होती आणि आठवणही टोळीचीच होती. राजसत्ता आली, लेखनकला आली आणि नोंदीचे स्वरूप पालटले. इजिप्तच्या तिसऱ्या आमेनहोतेपने इ.स.पू. चौदाव्या शतकात भुंग्याच्या आकाराच्या दगडी मुद्रा कोरवून सर्वत्र वाटल्या. राजवटीच्या पहिल्या दहा वर्षांत महाराजांनी स्वतःच्या बाणांनी शंभराहून अधिक सिंह मारले, एवढीच त्यांवरील वार्ता! असिरियाचा राजा अशुरबनिपाल याने इ.स.पू. सातव्या शतकात निनेव्हेच्या राजवाड्यातील भिंतींवर आपली सिंहशिकार कोरवून घेतली. हे शिल्पपट आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. रथातून बाण सोडणारा राजा, रक्त ओकणारा सिंह, आणि शेवटी मेलेल्या सिंहांवर मद्याची धार धरून देवतेपुढे उभा राहिलेला राजा असा क्रम तेथे आहे. मात्र शिल्पकाराने त्याच पटात एक पिंजराही कोरला आहे. एक सेवक पिंजऱ्याचे दार वर उचलतो आणि त्यातून सिंह बाहेर येतो. पराक्रमासाठी सिंह आणून सोडले जात होते, याची साक्ष राजाच्याच स्मारकाने दिली.

रीत पुराणी असली तरी संपलेली नाही. धनुष्याने शिकार करणाऱ्यांची १९६१ साली स्थापन झालेली अमेरिकेतील एक संस्था आजही अशी नोंदवही ठेवते. मारलेल्या हरणाची शिंगे साठ दिवस वाळू द्यायची, मग ठरलेल्या पद्धतीने त्यांचे माप घ्यायचे आणि ते शिकाऱ्याच्या नावापुढे लिहायचे असा तेथे नियम आहे. दगडी भुंग्यापासून या नोंदवहीपर्यंत एक गोष्ट समान आहे. मारणाऱ्यास नाव असते, मरणाऱ्यास संख्या किंवा माप असते.

आपल्याकडे या रीतीचा सर्वांत वैभवशाली आविष्कार गुप्त सम्राटांच्या सुवर्णनाण्यांवर आढळतो. समुद्रगुप्ताच्या एका दुर्मिळ प्रकारच्या नाण्यावर राजा धनुष्य ताणून उभा आहे, त्याच्या पायाखाली वाघ मागे कोलमडत आहे आणि बिरुद 'व्याघ्रपराक्रम' असे आहे. त्याचा पुत्र दुसरा चंद्रगुप्त सिंहावर बाण सोडतो आणि स्वतःस 'सिंहविक्रम' म्हणवितो. नातू कुमारगुप्त याने वाघ, सिंह आणि गेंडा या तिन्ही शिकारी नाण्यांवर आणल्या. गेंड्याची मात्र घोड्यावरून, तलवारीने. १९४६ मध्ये राजस्थानातील बयाना येथे गुप्त सुवर्णनाण्यांचा जो प्रचंड साठा सापडला, त्यातून सुमारे १८०० नाणी हाती आली. डॉ. अनंत सदाशिव आळतेकर यांनी त्यांची सूची केली, तेव्हा या शिकारी नाण्यांचे अनेक प्रकार अभ्यासकांसमोर आले. सोन्याचे नाणे व्यापाऱ्याच्या हातून राज्याबाहेर जाते, जमिनीत पुरले जाते आणि शतकांनी पुन्हा वर येते. राजाच्या नेमबाजीची याहून टिकाऊ जाहिरात असू शकत नाही.

हे गुप्त घराणे विदर्भाला परके नव्हते. 'सिंहविक्रम' चंद्रगुप्ताची कन्या प्रभावतीगुप्ता ही वाकाटकांच्या नंदिवर्धन शाखेतील दुसऱ्या रुद्रसेनाची राणी होती. म्हणजे शिकारी नाणी पाडणाऱ्या घराशी विदर्भाचे सोयरसंबंध होते. परंतु वाकाटकांची सुवर्णनाणी ज्ञात नाहीत. वाकाटक राजे शिकार करीत नसत, असा निष्कर्ष यावरून काढणे धाडसाचे होईल. कौटिल्याने मृगयेची गणना राजाच्या व्यसनांत केली खरी. पण लगेच तिचे गुणही सांगितले. मेद झडतो, स्थिर आणि चल लक्ष्यावर नेम बसतो, प्राण्यांच्या चित्तवृत्ती कळतात. असे व्यसन कोणता राजा सोडील?

येथे क्षणभर थांबून शिकारीच्या नोंदीस मुळात कशाची गरज असते, हे पाहिले पाहिजे. तिला प्रथम साक्षीदार लागतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या आरंभीच्या भागात सिद्धार्थाचा एक प्रसंग सांगितला आहे. मित्र त्यास शिकारीला चलण्याचा आग्रह करतात, तो नाकारतो. वाघाचे भय वाटते काय, असे ते विचारतात. तुम्ही वाघ मारणार नाही, हरणे आणि ससेच मारणार, हे सिद्धार्थाला ठाऊक आहे. मग मित्र म्हणतात, शिकार करू नकोस, पण आमचा नेम किती अचूक आहे ते पाहण्यास तरी ये. सिद्धार्थ त्यालाही नकार देतो. वाचकांनी या दुसऱ्या नकाराकडे विशेष लक्ष द्यावे. पहिला नकार हत्येला आहे, दुसरा हत्येचा साक्षीदार होण्याला आहे. ज्याने पाहिलेच नाही तो वाखाणणार कसा? शिकाऱ्याच्या कीर्तीचा पहिला पुरावाच सिद्धार्थाने देण्याचे नाकारले.

त्याच ग्रंथात बाणाने घायाळ झालेल्या पक्ष्याचा वाद येतो. देवदत्ताचा दावा शिकारीच्या नियमावर उभा आहे: ज्याने पाडले त्याची मालकी. सिद्धार्थ तो नियमच अमान्य करतो आणि जखमी जीवाला ज्याने वाचविले त्याचा हक्क सांगतो. पंचांनी निवाडा सिद्धार्थाच्या बाजूने दिला. मालकीचा हा प्रश्न म्हणजेच नोंदीचा प्रश्न होय. पक्षी कोणाच्या नावे लिहायचा?

राज्यकारभाराच्या पातळीवर या प्रश्नाचे उत्तर सम्राट अशोकाने दिले, आणि त्याचा अवशेष महाराष्ट्राच्या भूमीतच मिळाला आहे. पंडित भगवानलाल इंद्रजी यांना १८८२ मध्ये सोपारा येथे अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा सापडला. पुढे १९५६ मध्ये नवव्या लेखाचाही तुकडा मिळाला. चौदा लेखांपैकी आठव्याचाच अंश तेथे सर्वप्रथम हाती यावा, हा योगायोग मोठा अर्थपूर्ण आहे. कारण पूर्वीचे राजे विहारयात्रेस निघत, त्यांत मृगया आणि तशाच करमणुकी असत. आपण मात्र राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर संबोधीस गेलो आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाल्या, असे याच लेखात अशोक सांगतो. पहिल्या शिलालेखात तर तो आकडेच देतो. राजाच्या पाकशाळेत पूर्वी दररोज लक्षावधी प्राणी मारले जात. लेख लिहिला तेव्हा तिघांवर आले होते, दोन मोर आणि एक हरीण, आणि हरीणही नित्य नव्हे. पुढे हे तीनही मारले जाणार नाहीत, अशी ग्वाही तो देतो. आमेनहोतेपचा आकडा चढता होता, अशोकाचा उतरता आहे. शिवाय उरलेली हत्या त्याने लपविली नाही. स्वतःच्या स्वयंपाकघराविषयी एवढी प्रांजळ नोंद शिळेवर कोरविणारा दुसरा सम्राट प्रस्तुत लेखकास माहीत नाही.

विदर्भापुरते बोलायचे तर चंद्रपूर जिल्ह्यातील देवटेक येथील शिळा या संदर्भात मोलाची आहे. तीवर अशोककालीन ब्राह्मीतील प्राकृत लेख आहे. प्राण्यांना पकडणे व मारणे यांस त्यात मनाई केलेली आहे. त्याच शिळेवर काही शतकांनंतर वाकाटक रुद्रसेनाच्या धर्मस्थानाचा लेख कोरला गेला. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी या दोन्ही लेखांचे वाचन प्रसिद्ध केले. एका राजवटीची अभयाज्ञा आणि दुसऱ्या राजवटीचे धर्मस्थान एकाच दगडावर! वाकाटकांच्या कारागिराने छिन्नी चालविली, तेव्हा आधीच्या अक्षरांचा अर्थ त्यास कळत होता की नाही, कोण सांगणार?

आता अजिंठ्याकडे वळू. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात वत्सगुल्म शाखेचा शेवटचा प्रबळ राजा हरिषेण याच्या काळात अजिंठ्याच्या बहुसंख्य महायानकालीन लेण्यांचे काम झाले. १६ व्या लेण्याचा दाता वराहदेव हा हरिषेणाचा सचिव होता. वाकाटकांची वंशावळ ज्या लेखांवरून जुळविली जाते, त्यांत या लेण्यातील लेखाचे स्थान मोठे आहे. १७ वे लेणे हरिषेणाच्या एका मांडलिक राजाने खोदविले. वॉल्टर स्पिंक या संशोधकाने त्याचे नाव उपेंद्रगुप्त असे मानले आहे. लेखावरून असे दिसते, की धाकट्या भावाच्या मृत्यूने तो शोकाकुल झाला आणि संसाराची अनित्यता जाणून दानधर्माकडे वळला. मृत भावाच्या आठवणीच्या छायेत उभ्या राहिलेल्या या लेण्याच्या भिंतींवर शिकारीच्या कथा एकामागून एक चितारल्या आहेत. छद्दंत, साम, सरभमृग, रुरुमृग, महाकपि, हंस या सर्व कथांत बाण, फासा किंवा सापळा आहे.

जातककथा म्हणजे तथागतांच्या पूर्वजन्मांचा अक्षरशः इतिहास, असे मानण्याचे कारण नाही. बाबासाहेबांचा अनुयायी त्यांकडे त्या दृष्टीने पाहत नाही. मात्र प्राचीन समाजमनाचे दस्तऐवज म्हणून त्यांचे मोल कमी होत नाही.

साम जातक पाहा. वाराणसीचा राजा पिलियक्ख हरणांच्या शिकारीसाठी एकटाच अरण्यात फिरत आहे. नदीवर पाणी भरण्यास आलेला साम त्यास दिसतो. अंध मातापित्यांची सेवा करणारा हा तरुण निर्धास्त आहे आणि हरणे त्याच्या अवतीभोवती वावरत आहेत. हा देव की नाग, असा राजाला प्रश्न पडतो. येथे पाली अट्ठकथा राजाचा मनातला विचार सांगते, आणि तो आपल्या विषयाचा गाभा आहे. नगरात परतल्यावर अमात्य विचारतील, हिमालयात काय आश्चर्य पाहिले? असा प्राणी पाहिला असे मी सांगेन. त्याचे नाव काय, असे ते विचारतील. मला सांगता आले नाही तर ते मला दोष देतील. तेव्हा आधी बाण मारून यास दुर्बळ करू, मग विचारू! भूक नाही, भय नाही, वैरही नाही. परत गेल्यावर सांगण्यासारखे काही हाती असावे, एवढ्यासाठी विषारी बाण सुटतो. शिकार आधी आणि नोंद मागाहून, असा आपला समज असतो. या कथेत नोंदीची हाव आधी येते.

बाण लागल्यावर साम रागावत नाही. माझे मांस खाण्याचे नाही, कातडे उपयोगाचे नाही, मग मला का मारलेस, असे तो विचारतो. राजा प्रथम आपले नाव आणि धनुर्विद्येतील ख्याती सांगतो. मग खोटे बोलतो: हरीण टप्प्यात आले होते, तुला पाहून बिथरले. हरणे मला भीत नाहीत, असे साम उत्तरतो आणि राजाचे असत्य उघडे पडते. शेवटी तोच राजा पाण्याचा घडा घेऊन अंध वृद्धांकडे जातो आणि स्वतःच्या तोंडाने कबुली देतो. सत्यक्रियेने साम वाचतो. १७ व्या लेण्यात आणि त्याहून कितीतरी जुन्या १० व्या लेण्यातही ही कथा रंगविली आहे. राजाने सांगण्यासाठी आश्चर्य मिळविले खरे, पण जगाने लक्षात ठेवले ते सामाचे नाव.

सरभमृगाच्या कथेत नोंदीचे हसे होते. राजा आणि अमात्य शिकारीस उभे राहतात, आणि मृग नेमका राजाच्याच बाजूने निसटतो. अमात्य थट्टा करतात. चिडलेला राजा त्याचा पाठलाग करताना खड्ड्यात पडतो. ज्याला मारावयास निघालो तोच मृग आपल्याला वर काढतो, ही गोष्ट राजाने दरबारात कशी सांगावी? मृग त्याआधी पाठीवर दगड घेऊन सराव करतो, तो भाग अजिंठ्याच्या चित्रकाराने मोठ्या ममतेने टिपला आहे.

या सर्वांत छद्दंत जातकाचे स्थान वेगळे, कारण त्यात शिकारीची निशाणीच कथेचा शेवट घडविते. राणी सुभद्दा हत्तीचे सुळे मागते. सोणुत्तर नावाचा शिकारी काषाय वस्त्र पांघरून खड्ड्यात दबा धरतो आणि बाण मारतो. काषाय पाहून छद्दंत त्यास मारीत नाही. शिकाऱ्याला सुळे कापता येईनात, तेव्हा हत्ती करवत स्वतःच्या सोंडेत घेतो. सुळे वाराणसीस पोहोचतात. राणी ते मांडीवर घेते, न्याहाळते, आणि तिचे हृदय फुटते. विजयाचे चिन्ह पाहूनच विजय मागणारी कोसळते, हा प्रसंग १० व्या लेण्याच्या उजव्या भिंतीवर सातवाहनकालीन चित्रकाराने रंगविला. पाच-सहा शतकांनंतर वत्सगुल्माच्या राज्यातील चित्रकाराने १७ व्या लेण्यात तीच कथा पुन्हा घेतली.

सोणुत्तराविषयी आणखी एक बाब सांगावीशी वाटते. तो निषाद आहे, पोटासाठी आणि इनामासाठी आज्ञा पाळणारा. राजाची शिकार ती 'मृगया', तिच्यावर नाणी पडतात. गरिबाची शिकार ती 'पारध'. हा शब्द प्राकृत 'पारद्धि'शी जोडला जातो, आणि संस्कृतात त्याचे रूप 'पापर्द्धि' असे आढळते; म्हणजे नावातच पाप! वऱ्हाडातील फासेपारध्यांचे साधन धनुष्याहून अधिक फासा. त्यांच्या शिकारीची नोंद कोणी ठेवली नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानंतर देशाच्या अनेक भागांत पारधी समाजाची नावे पोलिसांच्या वहीत मात्र चढली, आणि १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला तरी ती शाई समाजाच्या मनातून पुसली गेली नाही. अशुरबनिपाल संग्रहालयात आणि पारधी हजेरीपटावर! छद्दंत कथेत दोष आज्ञा देणाऱ्या राणीकडे जातो, हे या दृष्टीने ध्यानात घेण्यासारखे आहे. बोधिसत्त्व शिकाऱ्याला अभय देतो आणि सुळे घेऊन सुखरूप परत पाठवितो.

अजिंठ्याचा आधुनिक शोधही एका शिकाऱ्याच्या नावाशी जोडलेला आहे. मद्रासच्या २८ व्या घोडदळाचा अधिकारी जॉन स्मिथ वाघाच्या शिकारीस निघाला असता लेण्यांपाशी पोहोचला, असे सांगितले जाते. १० व्या लेण्यातील स्तंभावर बोधिसत्त्वाच्या रंगविलेल्या आकृतीवर त्याने आपले नाव आणि २८ एप्रिल १८१९ ही तारीख कोरली. तेव्हा लेण्यात दगडमातीचा ढीग साचला होता आणि तो त्यावर उभा होता. म्हणून ती अक्षरे आज माणसाच्या डोक्यापेक्षा उंच दिसतात. वाघ मिळाला की नाही, याचा उल्लेख तेथे नाही. स्वतःचे नाव लिहिण्यासाठी त्याने जे लेणे निवडले, त्याच्याच भिंतीवर राणी सुभद्दा सुळे पाहून मूर्च्छित होते. मात्र त्या काळोखात, धुळीने माखलेल्या भिंतीवर त्यास ती दिसली असण्याचा संभव फार थोडा.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली. वाशीम जिल्ह्यात कारंजा-सोहोळ येथे काळविटांसाठी अभयारण्य २००० साली घोषित झाले. राजाने हरणांना दिलेले 'अभय' निग्रोधमृग जातकात येते. सरकारी अधिसूचनेत तोच शब्द आला आहे. विदर्भातील अभयारण्यांत दरवर्षी बुद्ध पौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यांवर प्राण्यांची मोजदाद होते. भर उन्हाळ्यात पाणी थोड्याच ठिकाणी उरते आणि चांदणे स्वच्छ असते, हे त्यामागचे व्यावहारिक कारण. धम्माशी तिचा संबंध जोडण्याचा मोह आवरला पाहिजे. वनखातेही हल्ली तिला शास्त्रीय गणना न म्हणता निसर्गानुभव म्हणते. सायंकाळी माणसे मचाणावर चढतात, हलायचे नाही, बोलायचे नाही, आणि रात्रभर पाण्यावर जे येईल ते लिहायचे. तक्त्यात रकाने असतात: वेळ, प्राणी, संख्या. काळवीट, नीलगाय, रानडुक्कर, मोर. लिहिणाऱ्याचे नाव कागदाच्या एका टोकाला असते, आणि पहाटे उजाडल्यावर तो कागद वनरक्षकाच्या हाती देऊन सारे खाली उतरतात.